सील बदलण्याआधी

मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने टायरवर ओघळलेला तेलकट डाग दिसला की पाहणारा बहुधा दोनपैकी एक निष्कर्ष काढतो: ब्रेक ऑइल गळत असावे, किंवा रस्त्यावरचाच काही चिखल उडाला असावा. पहिल्या निष्कर्षाने तो घाबरतो, दुसऱ्याने निर्धास्त होतो, आणि दोन्ही वेळा डागाला बोट लावून पाहायचे राहून जाते. वास्तविक एवढ्या परीक्षेनेच प्रश्न निकाली निघतो. ब्रेकचे ऑइल पातळ असते आणि वाटीभर पाण्यात त्याचा थेंब टाकला तर तो मिसळून जातो. डिफरन्शियलमधले, म्हणजे मागची चाके फिरवणाऱ्या गिअरांच्या पेटीतले, गिअर ऑइल दाट असते, पाण्यावर तरंगत राहते, आणि त्याला गंधकाचा असा उग्र वास असतो की तो एकदा ओळखीचा झाल्यावर पुन्हा चुकत नाही.

हा वास ऑइल खराब झाल्याचे लक्षण नव्हे. डिफरन्शियलमध्ये क्राऊन हे मोठे दातेरी चाक आणि त्याला फिरवणारा लहान पिनियन यांचे दात प्रचंड दाबाखाली एकमेकांवरून घसरत असतात, आणि पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असल्यामुळे ही घसरण आणखी वाढते. साध्या ऑइलचा थर त्या दाबाखाली फाटतो आणि लोखंड लोखंडाला भिडते. म्हणून गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे मिसळलेली असतात. दातांच्या तापलेल्या पृष्ठभागाशी त्यांचा संयोग होऊन तिथे एक संरक्षक रासायनिक थर तयार होतो. डब्यावर ‘जीएल-५’ असे छापलेले असते ते या गुणासाठी. माझ्या गाडीच्या उजव्या मागच्या चाकाजवळचा डाग पाण्यावर तरंगत राहिला, आणि बोटाचा वास साबणाने हात धुतल्यावरही गेला नाही. तेव्हा गळती ब्रेकची नसून ॲक्सलच्या ऑइल सीलची, म्हणजे शाफ्टभोवती ऑइल अडवणाऱ्या रबरी कडीची आहे, याविषयी शंका उरली नाही.

शंका उरली ती वेगळीच. हेच सील आदल्या उन्हाळ्यात एका गॅरेजमध्ये बदलून घेतलेले होते.

आमची गाडी जुन्या घडणीची आहे. हल्ली एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गाड्या पुढच्या चाकांवर चालतात आणि त्यांच्या पोटाखाली मागे डिफरन्शियलच नसते. बोलेरो, सुमो, क्वालिस, स्कॉर्पिओ या गाड्यांना मात्र मागे अखंड ॲक्सल असतो: मध्ये डिफरन्शियलचा गोल फुगवटा, त्याच्या दोन्ही बाजूंना हाऊसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या लोखंडी आवरणाच्या नळ्या, आणि प्रत्येक नळीतून चाकापर्यंत गेलेला एक हाफ शाफ्ट. आमची गाडीही त्याच घराण्यातली. या रचनेत हाफ शाफ्ट चाक फिरवतो आणि त्याबरोबर गाडीचा भारही पेलतो. अवजड ट्रकमध्ये तसे नसते. तिथे भार हाऊसिंगवर बसवलेल्या हबवर असतो, शाफ्टला फक्त फिरवण्याचे काम असते, आणि म्हणून ट्रकचा शाफ्ट चाक जागेवर ठेवूनही बाहेर ओढता येतो. आमच्या घराण्यात चाक, ड्रम आणि मग शाफ्ट असा क्रम चुकत नाही. शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला बेअरिंग असते आणि बेअरिंगच्या आतल्या अंगाला, नळीच्या तोंडाशी, ते ऑइल सील बसवलेले असते. ते निकामी झाले की ऑइल बेअरिंग ओलांडून थेट ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. गळणाऱ्या ऑइलाच्या किमतीची मला फारशी चिंता नव्हती. पण गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना मागच्या दोन चाकांपैकी एकाचे लायनर, म्हणजे ब्रेक शूवरचे घर्षणाचे अस्तर, ऑइलात भिजलेले असणे, ही पुढे ढकलण्याजोगी गोष्ट नव्हती.

ऑइल सील ही वस्तू दिसायला इतकी साधी आहे की तिच्याविषयी कोणी विचार करत नाही. लोखंडी पत्र्याची एक कडी, तिच्यावर चढवलेले रबर, रबराला आतल्या बाजूने काढलेला एक बारीक ओठ, आणि त्या ओठाला शाफ्टवर हलकेच दाबून धरणारी एक गोल स्प्रिंग. फिरणाऱ्या शाफ्टभोवती पूर्वी चामडे वापरत असत. जर्मनीत वाइनहाइम येथील फ्रॉइडनबर्ग हा मूळचा चामडे कमावण्याचा कारखाना. १९२९ नंतरच्या काही वर्षांत तिथे मोटारींसाठी चामड्याची सील तयार होऊ लागली आणि त्याच दशकात चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. हेच स्थित्यंतर आपल्या गावोगावच्या हापशांमध्ये पुष्कळ उशिरा घडले. जालन्याच्या मिशनमध्ये घडवलेल्या हातपंपापासून पुढे सोलापूरचा पंप आणि त्यावरून इंडिया मार्क दोन असा ज्यांचा वंश सांगितला जातो, त्या हापशांच्या नळकांड्यात चामड्याचे वायसर असत, आणि ते झिजले की हापसा हवा ओढू लागे. नंतर त्यांच्या जागी नायट्राइल रबराचे वायसर आले. गाडीच्या मागच्या ॲक्सलचे सीलही बहुधा याच नायट्राइल रबराचे असते.

या ओठाचे काम समजून घेतल्याशिवाय तो गळू का लागतो हे समजत नाही. ओठ शाफ्टवर कोरडा घासत नाही. त्याच्या आणि शाफ्टच्या मध्ये ऑइलाचा अतिशय पातळ, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासचा थर असतो, आणि त्याच्यावरच तो टिकतो. ओठाची ऑइलाकडची बाजू उभट आणि हवेकडची बाजू उतरती ठेवलेली असते. या असमान उतारांमुळे आणि रबराच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म खडबडीतपणामुळे, शाफ्ट फिरू लागला की बाहेर निघू पाहणारे ऑइल पुन्हा आत ढकलले जाते. म्हणजे चांगले सील हे बूच नसून एक इवलासा पंप आहे, आणि बंद गाडीपेक्षा चालत्या गाडीत तो जास्त काम करत असतो. त्याच्या वाटचालीचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. टायरचा घेर साधारण २.२ मीटर धरला तर एक लाख किलोमीटरमध्ये चाक सुमारे साडेचार कोटी वेळा फिरते. शाफ्टचा व्यास ३५ मिलिमीटर धरला तर त्याचा घेर ११ सेंटिमीटर होतो. म्हणजे तेवढ्या काळात रबराचा हा ओठ शाफ्टवरून जवळजवळ पाच हजार किलोमीटर चाललेला असतो. इतके चालून तो झिजला तर तक्रारीला जागा नाही. पण माझे सील इतके चाललेच नव्हते.

आमच्या गल्लीत एक निवृत्त टर्नर राहतात. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काढली आहेत, आणि सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. मी जॅक बाहेर काढलेला पाहून ते कट्ट्यावरून उठून आले, गाडीखाली वाकून पाहिले आणि म्हणाले, “सील काय, कुणीबी बदलंल. पर ते गेलं कशानं, ते बघितलंस काय?” गॅरेजमध्ये हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यात गॅरेजवाल्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. संध्याकाळपर्यंत पाच गाड्या सोडायच्या असल्यावर गळणारे सील काढून नवे ठोकणे एवढेच त्याच्या हाती असते. घरी काम करणाऱ्याजवळ प्रेस नसते, लिफ्ट नसते, पुरेसा उजेडही नसतो. वेळ मात्र असतो, आणि तो या प्रश्नावर खर्च करता येतो.

नवे सील लवकर गळण्याची कारणे मोजकीच आहेत. बेअरिंग सैल झाले असेल तर शाफ्ट डगमगतो आणि ओठ त्याच्यामागे धावू शकत नाही. शाफ्टवर चर पडला असेल तर नवा ओठ त्याच चरात जाऊन बसतो. बसवताना ओठाला स्प्लाइनचा, म्हणजे शाफ्टच्या आतल्या टोकावरच्या खाचांचा, दात लागून चीर पडली असेल, तर ते सील पहिल्या दिवसापासूनच मेलेले असते. ऑइल गरजेपेक्षा जास्त भरले असेल तर ते नळीतून सीलवर चढत राहते. आणि शेवटचे कारण, ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, ते म्हणजे ब्रीदर.

ब्रीदर म्हणजे हाऊसिंगच्या माथ्यावरची बोटाच्या पेराएवढी टोपी. काही गाड्यांत तिथून एक रबरी नळी वर चासीपर्यंत नेलेली असते. डिफरन्शियल तापले की आतली हवा फुगते, आणि तिला बाहेर जायला एवढीच वाट असते. सकाळी ३० अंशांवर असलेले हाऊसिंग घाट चढून ९० अंशांवर गेले आणि ही वाट बंद असली, तर आतला दाब जवळजवळ एक पंचमांशाने वाढतो. आकडा ऐकायला मोठा वाटत नाही. पण ओठाला शाफ्टवर धरून ठेवणारी ती स्प्रिंगच किती नाजूक आहे हे पाहिले, की गाडी तापलेली असेपर्यंत आतून पडणारा असा जोर तिला का झेपत नाही ते कळते. उलटा प्रकार त्याहून वाईट. तापलेला ॲक्सल पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी आत ओढते. पंचगंगा पात्राबाहेर पडली की आमच्याकडे कोणत्या रस्त्यावर किती पाणी असेल याचा नेम नसतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. महापूर दूरच राहो, नेहमीच्या पावसाळ्यातही ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घालावी लागते, आणि ब्रीदर चिखलाने बुजायला तेवढे पुरते.

याची परीक्षा सोपी आहे. गाडी चालवून आणल्यावर, हाताला सोसेल इतकी निवली की, डिफरन्शियलचा भरण्याचा बोल्ट हळूहळू सैल करायचा. आमच्या गाडीचा बोल्ट सुटताना फुस्स असा स्पष्ट आवाज झाला. ब्रीदर काढून पाहिला तर टोपीखाली लाल मातीचा विटेसारखा घट्ट गोळा बसलेला होता. डिझेलमध्ये भिजवून, तारेने टोकरून आणि पंक्चरवाल्याच्या हवेने फुंकून तो मोकळा केला. टोपी बोटाने सहज फिरू आणि उचलू लागली. मामा म्हणाले, “आता घाल नवं सील.”

प्रत्यक्ष काम सांगण्याआधी एका धोक्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण तो याच यंत्राच्या स्वभावातून निर्माण होतो. गाडी गिअरमध्ये ठेवली म्हणजे ती जागची हलणार नाही हा समज चारही चाके जमिनीवर असताना खरा आहे. वळणावर आतले चाक कमी आणि बाहेरचे जास्त फिरावे लागते म्हणून डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. पण त्याच गुणामुळे, मागचे एक चाक उचलले की गिअरने रोखलेला प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा दांडा, जागेवर राहूनही, जमिनीवरचे चाक पुढे आणि हवेतले चाक मागे असे बिनदिक्कत फिरू शकते. हँडब्रेकचा आधार घ्यावा तर तोही मागच्याच चाकांवर चालतो, आणि ड्रम काढण्यासाठी तो सोडावाच लागतो. म्हणजे त्या अवस्थेत गाडी केवळ पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लावलेल्या दगडांच्या भरवशावर उभी असते. ते दगड किंवा लाकडी पाचरी भक्कम हव्यात, जमीन सपाट हवी, आणि ॲक्सलखाली जॅकशिवाय लोखंडी स्टँड हवाच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नये, मग काम पाच मिनिटांचे का असेना.

ऑइल सोडताना भरण्याचा बोल्ट आधी उघडायचा आणि सोडण्याचा नंतर. वरचा बोल्ट गंजून अडकलेला असला आणि खालून ऑइल आधीच सोडून दिले असले, तर कोरड्या डिफरन्शियलची गाडी दारात उभी राहते आणि ती गॅरेजपर्यंत नेताही येत नाही. खालच्या बोल्टच्या टोकाला लोहचुंबक होते, त्यावर राखाडी रंगाचे मऊ लोण्यासारखे किटण जमलेले होते. तेवढी झीज स्वाभाविक असते. चुंबकावर टोचणारे तुकडे किंवा कपच्या सापडल्या असत्या तर प्रश्न सीलचा राहिला नसता. ऑइल दुधाळ झालेले नव्हते, म्हणजे पाणी शिरलेले नव्हते.

चाक आणि ड्रम काढल्यावर शाफ्टच्या फ्लँजला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या चकतीला, असलेल्या भोकातून आतल्या पट्टीचे चार नट एकेक करून समोर आणता येतात. ते सुटले तरी शाफ्ट आपण होऊन बाहेर येत नाही, कारण बेअरिंग हाऊसिंगमध्ये घट्ट बसलेले असते. गॅरेजमध्ये यासाठी सरकता हातोडा असतो. घरी जुना आणि चांगला उपाय म्हणजे ड्रम उलटा करून स्टडवर, म्हणजे चाकाच्या बोल्टवर, चढवायचा, त्याला अडवण्यापुरते नट काही आट्यांवर फिरवायचे, आणि ड्रम दोन्ही हातांनी धरून बाहेरच्या दिशेला हिसके द्यायचे. ड्रमचे वजन नटांवर आदळते आणि शाफ्ट थोडा थोडा सरकत येतो. बाहेर काढलेला शाफ्ट जड असतो. तो वाकू न देता, दोन्ही हातांवर तोलून बाहेर घ्यावा लागतो.

शाफ्ट कट्ट्यावर ठेवून कॉटन वेस्टने पुसला आणि मामांनी त्यावरून अंगठ्याचे नख फिरवले. जिथे ओठ टेकत होता तिथे नख अडकले. विहिरीच्या दगडावर दोराने पाडलेली घळ आपण पाहिलेली असते. इथेही मऊ रबराने कडक पोलादात चर पाडला होता. मात्र हे काम एकट्या रबराचे नसते. बाहेरून आलेली धूळ आणि आतल्या ऑइलातले लोखंडाचे कण ओठाच्या रबरात रुतून बसतात, आणि मग तो ओठ पॉलिश पेपरसारखा चालू लागतो. चर खोल असेल तर शाफ्टवर पातळ पोलादी बाही चढवतात किंवा शाफ्टच बदलतात. आमचा चर नखाला जेमतेम लागत होता, आणि हाऊसिंगमधली सीलची जागा पुरेशी खोल होती. म्हणून नवे सील पूर्वीच्या जागेपेक्षा दीड-दोन मिलिमीटर बाहेर ठेवायचे ठरले, जेणेकरून ओठ चराऐवजी गुळगुळीत भागावर टेकेल. असे करताना मागचे बेअरिंग सीलला घासणार नाही एवढे मोजून घ्यावे लागते. बेअरिंग हाताने फिरवून पाहिले, त्यात खरखर नव्हती. ती असती तर काम तिथेच थांबवून शाफ्ट उद्यमनगरात न्यावा लागला असता, कारण या बेअरिंगमागची कडी प्रेसवरच चढते आणि उतरते. हातोड्याने ती चढवण्याचा प्रयत्न करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचे बेअरिंग किती दिवस टिकले हेही पाहिले आहे.

दुकानात सील मागताना जुने सील सोबत न्यावे. त्याच्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे असतात, आणि ते पुसट झालेले असले तरी व्हर्नियरने मोजता येतात. आपल्याकडे पुष्कळ दुकानांत सील दोरीत ओवून खिळ्याला टांगलेली असतात. पाहायला ते व्यवस्थित दिसते, पण ओठ एका जागी ताणला जाऊन त्याचा गोलपणा बिघडतो. मी खोक्यातले मागितले, ओठावरून बोट फिरवून कुठे चीर नाही ना ते पाहिले, आणि स्प्रिंग जागेवर आहे याची खात्री केली.

जुने सील उपसताना हाऊसिंगच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा पडू द्यायचा नाही, कारण त्या ओरखड्यातूनही ऑइल वाट काढते. नवे सील स्प्रिंगची बाजू आत, म्हणजे ऑइलाकडे ठेवून बसवायचे. स्प्रिंगच्या खोबणीत थोडे ग्रीस भरले की ठोकताना ती उडून पडत नाही. ओठाला गिअर ऑइलाचे बोट लावले की पहिल्या काही फेऱ्यांत तो कोरडा चालत नाही. सीलच्या बाहेरच्या काठावर नीट टेकेल अशा गोटी पान्याच्या गोटीवर नायलॉनच्या हातोड्याने हलके ठोके देत, चारही बाजूंनी खोली मोजत ते आत न्यावे लागते. शाफ्ट आत घालताना मात्र मी अजिबात घाई केली नाही. स्प्लाइनच्या दातांवर चिकटपट्टी गुंडाळून ते ओठापलीकडे गेल्यावर ती बाहेर ओढून घेण्याची पद्धत काही जण वापरतात, पण ती आत सुटून राहिली तर नवीच डोकेदुखी. त्यापेक्षा शाफ्ट दोघांनी तोलून, ओठाला न टेकवता सरळ नेणे बरे. शेवटची दोन बोटे तो अडला. स्प्लाइनचे दात समोरासमोर आले नव्हते. प्रॉपेलर शाफ्ट किंचित फिरवताच तो आत बसला.

ऑइलाने भिजलेले ब्रेक शू धुऊन परत लावावेत असा मोह होतो. लायनर सच्छिद्र असतो, त्यात मुरलेले गिअर ऑइल वरून पुसल्याने जात नाही, आणि ड्रम तापला की पुन्हा पृष्ठभागावर येते. शू बदलायचे, आणि तेही दोन्ही चाकांचे, म्हणजे एका बाजूला ब्रेक कमी-जास्त लागत नाही. ड्रम आणि मागची प्लेट ब्रेक क्लीनरने धुतली. जुन्या लायनरची धूळ तोंडाने किंवा हवेने उडवायची नसते, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते.

ऑइल ८०डब्ल्यू-९० चे, जीएल-५ प्रतीचे, गाडी चारही चाकांवर सपाट उभी करून भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत भरले. काठावरून पाझरू लागले की थांबायचे; वर आणखी थोडे दाबून भरले तर त्याचा त्रास सीललाच होतो. हेच ऑइल उरले म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नये. काही गिअरबॉक्सना जीएल-४ लागते आणि जीएल-५ त्यांच्यातल्या पितळी कड्यांना मानवत नाही. काढलेले ऑइल डब्यात भरून गॅरेजमध्ये दिले. ते गटारात किंवा कुंपणाच्या कडेला वाळवी मरावी म्हणून ओतणे आजही सर्रास चालते, पण २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते.

पिनियनच्या तोंडाचे सील गळत असते तर मी हे काम घरी केलेच नसते. तिथल्या मोठ्या नटच्या घट्टपणावर पिनियनच्या बेअरिंगचा दाब अवलंबून असतो, आणि तो अंदाजाने आवळला तर सील कोरडे राहते पण बेअरिंग जळते. हाफ शाफ्टच्या सीलमध्ये तसला गुंता नाही, एवढ्यावरच हे घरचे काम शक्य झाले.

डावीकडचे सील कोरडे आहे. हात काळे झालेलेच आहेत तर तेही उरकून टाकावे असे मला वाटत होते. मामांचे मत होते की ब्रीदर मोकळा झाल्यावर ते टिकते की नाही हे एक पावसाळा पाहावे, न गळणारे सील उपसू नये. मला ते पटले. गाडी आता आंबा घाटातून साखरप्यापर्यंत जाऊन आली आहे, भरण्याचा बोल्ट सैल केला तर आवाज होत नाही, आणि उजव्या चाकाच्या आतली बाजू धुळीने भरलेली आहे, पण ती धूळ कोरडी आहे.